पेत्स, पेच आणि माझी चूल

माझी नातसून परदेशातली आहे. चेक नावाचा देश आहे, तिथली. नातू तिकडं गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि तिकडंच लग्न करून दोन वर्षांनी तिला घेऊन आला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय वेगळं सांगणार होते? पोरगी धडधाकट होती, अनवाणी अंगणात फिरत होती आणि पहिल्याच दिवशी आपली कपबशी तिनं आपण विसळली. मला एवढं पुरे. आमचं वाजलं ते पुढं, चुलीवरून. मुलाशीही त्याच महिन्यात वाजलं, तेही चुलीवरूनच. म्हणून आधी चुलीचं सांगते.

आमचं घर केंदूरला. पुढं मुलानं बांधलेला बंगला आहे. त्यात फरशी, ओटा, गॅस, धूर ओढायचं यंत्र, सगळं आहे. धूर मात्र नाही. मागं माझं छप्पर. तीन बाजूंनी विटामातीची भिंत, वर पत्रा, आत चूल आणि तिला लागून वैल. वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं दुसरं तोंड, तिथं वेगळं जळण लागत नाही, चुलीच्याच आहारावर, म्हणजे निखाऱ्यांच्या धगीवर, दूध तापतं. बंगल्यात मी गेले की सून म्हणते, "आई, तुम्ही बसा." पाणी घ्यायला उठले तरी, "आई, बसा." बसून बसून माणूस मरतं. छपरात मला कुणी बसा म्हणत नाही. मला त्या जागेचं प्रेमबिम नाही. डोळ्यांत धूर जातो, उठताना गुडघे कुरकुरतात. पण तिथं मी कामाची आहे, आणि हे मला बंगल्यात कुठंच सापडत नाही.

माझं माहेर वरवंडचं. शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर आईनं हाताला माती लावली आणि चूल घालायला शिकवलं. वारुळाची माती, घोड्याची लीद, गव्हाचं भुसकट. तीन दिवस भिजवायची, पायानं तुडवायची, केस काढल्यासारखा एकेक खडा काढायचा. मग हातानं थरावर थर देत चूल उचलत न्यायची. दोन्ही बाजू सारख्या, तोंड दक्षिणेला करायचं नाही. सावलीत वाळवायची, रोज ओला हात फिरवायचा, चीर दिसली की लगेच बुजवायची. पंधरा दिवस तिच्यात काडी पेटवायची नाही. मग हळदीकुंकू लावून दूध उतू घालवायचं आणि त्यानंतर ती चूल. लग्न होऊन केंदूरला आले तेव्हापासून या गावात आणि पार पाबळपर्यंत चूल घालायला मलाच बोलवत. आता गावात कुणी बोलवत नाही. ठीक आहे, गॅस आला. मला गॅसचा राग नाही.

राग आला तो मुलाचा. नातवाच्या लग्नाची पूजा घालायची ठरली. पुण्याहून पाहुणे येणार. मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "आई, मागलं छप्पर काढायचं हाय. सोमवारी जेसीबी येतोय."

"कशाला?"

"गाडीला तिथं शेड करायचंय, उन्हात उभी ऱ्हाती. रंग उडतो तिचा."

"माझा उडला तवा कुठं छप्पर घातलंस?"

"आई, तुझं आपलं कायतरी. चूल कोण पेटवतं आता? भिंती बघ कशा काळ्या झाल्यात. पाव्हणे काय म्हणतील?"

"भाकरी कुणाची खातोस रोज?"

"गॅसवर पण व्हती की भाकरी."

एवढं बोलून तो गेला. याच्याशी भांडायचं म्हणजे पाण्यावर काठी मारायची. तो चिडत नाही, हसतो, आणि करायचं तेच करतो. पुढच्या सोमवारला दहा-बारा दिवस होते.

त्यात ही नातसून. तिचा अभ्यास होता एका शब्दाचा. एकाच. मला वाटलं नातू थट्टा करतोय.

"आजी, खरंच. डॉक्टर होणार हाय ती. त्या एका शब्दावर."

"कुठल्या?"

"भट्टी. म्हंजी त्यांच्याकडची चूल."

"आन् तिच्या घरचं कोण काय बोलत न्हाई?"

"न्हाई."

ती मराठी नातवाकडून आणि मोबाईलवरून शिकली होती. त्यामुळं ती पुस्तकातल्यासारखी बोलायची. माझ्या छपरात येऊन उकिडवी बसली, वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आजी, कृपया, हे काय आहे?"

"वैल."

"आणि हे?"

"फुंकणी."

"आणि हे?"

"राख. राख न्हाई का तुमच्यात?"

राख होती म्हणे. मग तिनं वही उघडून दाखवली. एका पानावर रकाने पाडले होते आणि प्रत्येक रकान्यात एका देशाची भाषा. वाचून दाखवताना तिचे गाल लाल झाले, जसं काही घरातल्या माणसांची ओळख करून देतेय. तिच्या भाषेत भट्टीला पेत्स म्हणतात. पोलंडात पियेत्स. रशियात पेच. युक्रेनमध्ये पिच. बल्गेरियात पेश्त. सर्बियात परत पेच, पण च जरा पातळ. या सगळ्या भाषा एका आईच्या लेकी आहेत, त्यांना स्लाव भाषा म्हणतात, असं तिनं सांगितलं. तिची स्वतःची आजी पोलंडातून लग्न होऊन चेकमध्ये आली होती. घरात एकाच भट्टीला सासू पेत्स म्हणायची आणि सून पियेत्स. त्यावरून दोघींचं वाजायचं, आणि ते ऐकल्यापासून हिच्या डोक्यात हा शब्द शिरला.

"रशियात पेच खोलीएवढी मोठी असते," ती म्हणाली. "थंडीत म्हातारी माणसं तिच्यावर झोपतात."

"चुलीवर झोपतात?"

"हो. ऊब असते."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आमच्यात चुलीला चुकून पाय लागला तर माणूस वाकून पाया पडतं, आणि हे अख्खे वर चढून झोपतात. पण थंडी कडक असेल तिकडं. आमच्या थंडीवरून दुसऱ्याच्या थंडीला नावं ठेवू नयेत.

रोज सकाळी ती यायची. मी भाकरी थापायची, ती विचारायची. या शब्दाचं मूळ भाजणं, शिजवणं. तेच मूळ तुमच्या स्वयंपाकातल्या पाकात आहे, पचण्यात आहे, पिकण्यात आहे, म्हणाली. मी नाचेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "बरं." हजारो वर्षांपूर्वी आमचे-त्यांचे वाडवडील एकाच भाषेत शिजवा-भाजा म्हणत असतील तर असू दे. माझ्या डोक्यात सोमवार होता.

तिला वाटलं मला कळलं नाही. मग तिनं पुढचं सांगितलं. चेकमध्ये पेचे म्हणजे काळजी घेणं. पोलंडात ओपियेका, म्हणजे सांभाळ. रशियात पेचाल, म्हणजे दुःख. सगळे त्याच भट्टीच्या मुळातून. आधी भाजणं, मग मन भाजणं, मग दुसऱ्यासाठी मन भाजणं.

"हे लई शिकलेल्या लोकांनी शोधून काढलं?"

"हो, आजी."

"बाई चुलीम्होरं बसली की काळजी, सांभाळ आन् दुःख एकाच जागी असतंय. हे सांगाया दहा भाषा लागत्यात व्हय?"

तिनं हे लिहून घेतलं. मी काही बोलले की ती लिहायची, याचा मला उबग यायला लागला होता. पण गप्पही बसवत नव्हतं. मी म्हटलं, आमच्यातही एखादी गोष्ट काळजाला लागली की तिला काळजी म्हणतात. काळीज म्हणजे काय, तिनं विचारलं. मी बरगडीखाली बोट लावून दाखवलं. ती उठून उभीच राहिली. रशियात या अवयवाला, यकृताला, पेचेन म्हणतात, तोही भट्टीच्याच घरातला शब्द! ती एवढी हरखली की मीही तिच्याकडं बघत बसले आणि तव्यावरची भाकरी करपली. काळी ठिक्कर. तिच्या वहीतल्या त्या सगळ्या भाषा-बहिणी आल्या असत्या तरी ती भाकरी कुणी खाल्ली नसती.

"आणि पेक्लो म्हणजे नरक," ती हळूच म्हणाली. "पण माझे सर म्हणतात, तो शब्द या मुळाचा नसावा. डांबरावरून आला असावा."

"तुझ्या सरांनी कवा चुलीम्होरं बसून पन्नास भाकरी थापल्यात का?"

"नाही."

"मंग त्यान्ला काय ठावं."

एक गोष्ट मात्र तिनं कामाची सांगितली. पोलंडात जुन्या काळी घरं मोजायची ती धुरावरून. जितके धूर तितकी घरं. हे मला पटलं, कारण आमच्याकडंही तसंच आहे. गावजेवणाला घरातल्या सगळ्यांना बोलवायचं असलं की चूलबंद आवतण देतात. म्हणजे त्या दिवशी तुमची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. माणसं मोजत नाहीत, चूल मोजतात. संध्याकाळी मी मुलाला विचारलं, "ज्या घरात चूल न्हाई ते घर मोजायचं कशावरनं?"

"लाईटच्या मीटरवरनं, आई," तो म्हणाला आणि हसला.

माझी जुनी चूल एका बाजूनं ढासळली होती. मी ठरवलं, नवी घालायची. नवी कोरी चूल बघून तरी त्याला जेसीबी आणायची लाज वाटेल. लीद मिळवायला मला दोन दिवस लागले, घोडं आता फक्त वरातीला दिसतं. नातसून मदतीला आली. माती तुडवताना तिचे पांढरे पाय गुडघ्यापर्यंत भरले. हात बरा होता तिचा. मी बाजू उचलत नेली, तिनं वैल केली. पण जीभ थांबेना. धुराला वर नळी का नाही? आत कप्पा का नाही? तोंड दक्षिणेला का नको? मी म्हटलं, "न्हाई म्हंजी न्हाई." हे उत्तरही तिनं वहीत लिहिलं.

चूल उभी राहिली तो मंगळवार होता. पंधरा दिवस हात लावायचा नाही, मी दोनदा सांगितलं. ती हो म्हणाली.

शुक्रवारी मी रेशन आणायला सोसायटीत गेले होते. परत आले तर छपरातून धूर. आत नातसून बसलेली, चुलीत काटक्या, वैलीवर झाकलेलं पातेलं, त्यात कसलातरी पाव. आणि चूल वैलीपासून तोंडापर्यंत तडकलेली. चीर करंगळी जाईल एवढी.

"मी छोटी आग केली, आजी," ती म्हणाली. "आमच्याकडे नवी पेत्स अशीच वाळवतात. रोज थोडी थोडी आग. तुम्हाला पाव द्यायचा होता."

त्यांच्याकडं विटेची भट्टी असते. वीट आधीच भाजलेली, तिला छोटी आग मानवते. आमची चूल कच्च्या मातीची, आत ओल, तिला आग दाखवली की ती बाहेरून आखडते आणि फुटते. हे मला आता शांतपणे सांगता येतंय. त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहिणार नाही. ती रडली असती तर मी थांबले असते. ती रडली नाही. तिनं वही काढली आणि "आजी, हा शब्द परत सांगा" म्हणाली. मी फुंकणी आपटली आणि बाहेर गेले.

संध्याकाळी मुलानं आत डोकावून बघितलं. "चला, आपसूक तडकली. आता तर काय राह्यलं न्हाई. आई, तूच बघ."

"बघितलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी वरवंडला जायचं आधीच ठरलं होतं. माझ्या भावाच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, तिथं हायवेवर हॉटेल आहे. नव्या सुनेला घेऊन जेवायला या म्हणून त्याचा आठ दिवस फोन चालला होता. गेल्या वर्षी त्यानं मला नेऊन दोन चुली घालून घेतल्या होत्या, अगदी पुढं, गिऱ्हाइकांना दिसतील अशा. त्या घालताना मी पंधरा दिवस भावाच्या घरी राहिले. कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या हातच्या त्या शेवटच्या चांगल्या चुली.

हॉटेलवर मोठा बोर्ड. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. गर्दी होती. माझ्या चुली पुढं सारवून रांगोळी काढून ठेवलेल्या, आत लाल उजेड. मुलानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, डोळे मिटले.

"आई, ह्याला म्हंत्यात चुलीची चव," तो म्हणाला. "गॅसला हे येतच न्हाई."

मी जेवायची थांबले. कारण एवढा वेळ बसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. पत्र्याखाली दोन चुली जळतायत आणि धूर नाही, हे कसं? मी उठले. चुलीपाशी मिशीवाला आचारी भाकरी उलटत होता.

"अम्मा, इधर मत आइए, गरम है."

मी वाकून आत बघितलं. राख नव्हती. लाकूड होतं, पण त्यावर साल तशीच, काळं झालेलंसुद्धा नाही. त्याच्यामागं गॅसची शेगडी, आणि शेगडीच्या बाजूला लाल बल्ब. नळी जायला मागून माझी चूल फोडली होती.

भाचा धावत आला. "आत्या, काय झालं?"

"हे काय हाय?"

"अवं आत्या, गिऱ्हाइकाला धूर नको असतोय. धुराची चव पायजे असती. आचारी पण टिकत न्हाईत धुरात. चूल तुमचीच हाय की, बघा, एक टवका उडू दिला न्हाई पुढनं."

"म्होरनं," मी म्हटलं. "मागनं काय?"

तो डोकं खाजवत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं की मी कशानं भडकले. वाईट पोरगा नाही तो. मी मागं वळून मुलाला हाक मारली, हॉटेलभर ऐकू जाईल अशी.

"ऊठ. ये हिकडं. चव बघ."

तो आला. वाकला. आत बघितलं. बराच वेळ वाकलेलाच होता. शेजारच्या टेबलावरची माणसंही उठून बघायला लागली आणि त्यातला एक हसला. मुलाच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. नातू मोबाईलमध्ये बघायला लागला. नातसूनही आली, गुडघ्यावर बसली, बल्ब बघितला, फोडलेल्या भोकात बोट घातलं.

"आजी, ह्याला काय म्हणतात?"

"ढोंग," मी म्हटलं. "लिही."

तिनं लिहिलं.

रविवारी सकाळी मुलगा अंगणात फोनवर बोलताना ऐकलं. "जेसीबी नको उद्या. न्हाई, रद्द न्हाई. सांगतो परत." माझ्यासाठी केलं असं मी समजत नाही. चार लोकांत तो फसला, ते त्याला लागलं होतं. कारण काहीही असो, छप्पर राहिलं. रद्द नाही, सांगतो परत, एवढ्यावर राहिलं. त्याला पूजेच्या गडबडीत सवड मिळाली नाही. पाहुणे आले, काळ्या भिंतींपुढं उभे राहून फोटो काढून गेले. मुलगा त्यांना सांगत होता, "आईची चूल हाय, मी मुद्दाम ठेवलीय." हे ऐकून मला त्याला फुंकणीनं हाणावंसं वाटलं.

तडकलेली चूल मी आणि नातसुनेनं बुजवली. चीर भरताना तिचा हात माझ्यापेक्षा बारीक असल्यानं आतपर्यंत गेला, तेवढा उपयोग झाला. या वेळी पंधरा दिवस तिनं काडी लावली नाही. सोळाव्या दिवशी दूध उतू गेलं आणि त्यानंतर आठवड्यानं ते दोघं गेले.

आता मी ती चूल रोज पेटवते. स्वयंपाक नसला तरी पाणी तापवते. पाणी बंगल्यातल्या नळालाही गरम येतं, ते मला माहीत आहे. पण थंड चूल मुलाच्या बाजूनं साक्ष देते. रोजची राख असली की त्याला म्हणता येत नाही, कोण पेटवतं आता. तो गाडीवर कापड टाकतो आणि माझ्याकडं बघत नाही.

परवा नातवानं व्हिडिओ कॉल लावला. नातसुनेनं त्यांच्या घरामागं चूल घातली होती. लीद घोड्याचीच, तिकडं घोडे मिळतात म्हणे. बाजू सारख्या होत्या, वैल माझ्यापेक्षा नीट. महिनाभर वाळवली, असं ती न विचारता म्हणाली. मी मोबाईल डोळ्याजवळ नेला.

"तोंड कुठं हाय तिचं?"

तिनं मोबाईल चुलीच्या मागच्या बाजूला फिरवला.

"तोंड कुठं हाय?"

"आजी, इकडे दुसऱ्या बाजूंना भिंत आहे आणि वारा..."

"दक्षिणेला केलंस ना?"

"हो, आजी."

"मोड."

"आजी!"

"मोड म्हंते ना. माती तीच चालंल. भिजव परत."

नातू मागून हसत होता. ती हसली नाही. तिनं वही उघडली आणि विचारलं, परत भिजवताना भुसकट नवं घालायचं की जुनं चालतं. एवढं सांगून झालं तोवर माझं पाणी उतू गेलं आणि निम्मी चूल विझली.